राहून गेलेला हुंकार

सोमवार, ४ मार्च

चिरंजीव बारक्या यास,

अकरा वर्षांनी दादाचं पत्र आलंय म्हणजे काहीतरी गंभीर असणार, अशा धसक्याने तू लिफाफा फोडला असशील. धसका योग्य आहे. विषय थर्मासच्या झाकणाचा आहे.

घर सोडताना तू तुझे कपडे, रेडिओ आणि माझ्याबद्दलचं उरलंसुरलं बरं मत घेऊन गेलास. त्याला माझी हरकत नाही. ज्याचं त्याने न्यावं. परंतु निळ्या थर्मासचं झाकण ही सामाईक वस्तू होती. झाकणावाचून थर्मास हा पदार्थच सिद्ध होत नाही. उरतं ते एक उंच, गंभीर चेहऱ्याचं भांडं, जे बघणाऱ्याला उगीच आशा लावतं. अकरा वर्षं मी त्याच्या तोंडावर बशी उपडी घालतोय. परवा ती बशी दवाखान्याच्या जिन्यावरून तीन पायऱ्या एकटीच उतरली, आणि खालच्या मजल्यावरच्या एका भल्या गृहस्थाने ती परत आणून दिली. "तुमची बशी फिरायला आली होती," म्हणाला. या मानहानीचं मूळ कारण तू आहेस.

दवाखान्यात कशाला गेला होतात, हे तू विचारणार नाहीस, कारण विचारणं तू सोडलंयस. म्हणून न विचारता सांगतो.

अक्काचा घसा चार महिने बसला होता. आमचं काम तुला आठवतच असेल: ती मूळ प्रत मोठ्याने वाचते, मी छापून आलेल्या प्रुफावर पेन्सिल धरून बसतो. अजून तेच चाललंय, आणि अजून औषधांच्या खोक्यातली ती घडीची पत्रकंच. ती पत्रकं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारी जगात दोनच माणसं असावीत, आणि दोन्ही एकाच घरात राहतात. दिवसाला सहा तास वाचल्यावर घसा बसणारच, असं मी म्हणत राहिलो. गुळण्या झाल्या, मध झाला. शेवटी छापखान्याचा माणूस फोनवर तिचा घोगरा आवाज माझा समजून तिलाच 'शास्त्रीबुवा' म्हणाला आणि माझ्याशी बोलायचं ते सगळं बोलून मोकळा झाला, तेव्हा ती म्हणाली, "आता डॉक्टर. नाहीतर तुझी बहीण म्हणून मला कोणी ओळखणार नाही, तूच समजतील."

गाठ आहे. स्वरयंत्रावर आहे, आणि वाईट जातीची आहे. गळ्याचे डॉक्टर म्हणतात, स्वरयंत्र काढावं लागेल. सगळं. मग मानेला पुढून एक छिद्र राहतं, श्वास तिथून घ्यायचा. आवाज जातो. काढलं तर शंभरातली सत्तर माणसं पाच वर्षांनी त्यांना पुन्हा भेटतात. नुसता किरणांचा शेक दिला तर आवाज बहुधा राहतो, पण शंभरातली चाळीसच भेटतात.

अक्का म्हणाली, "शेक द्या. कापू नका."

"बाई, जरा विचार करा."

"केला की. तुम्ही बोलत होतात तेव्हा काय करत होते मी?"

आता तुझी गरज कुठे लागते ते. अक्काचा मनाचा आजार तिच्या जुन्या कागदांत नोंदलेला आहे. तेव्हा हा नकार तिचा की आजाराचा, हे आधी मनोविकाराच्या डॉक्टरीणबाई ठरवणार. तिचा ठरला तर विषय मिटला. आजाराचा ठरला तर तिच्या वतीने दोन्ही भावांनी सही करायची. मी म्हटलं, धाकटा लांब असतो आणि रुसलेला असतो. त्या म्हणाल्या, "रुसलेल्याची सही चालते."

फॉर्म सोबत आहे. फुली केलेल्या जागी सही करून उलट टपाली पाठव. झाकणही.

तुझा,
दादा


शुक्रवार, १५ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर पोचलं. फॉर्म कोरा, आणि मागे एक ओळ: 'मागच्या वेळी सही करताना मला विचारलं होतंस का?' अकरा वर्षांत आठ शब्द. वर्षाला एक सुद्धा पडत नाही. झाकणाविषयी संपूर्ण मौन.

मागच्या वेळेवरून मी पुन्हा वाद घालणार नाही. अक्का नऊ दिवस जेवली नव्हती. वरचे वाचक तिला सांगत होते की ताटातल्या अन्नात चुका आहेत, दुरुस्त झाल्याशिवाय गिळायचं नाही. (तिला ऐकू येणाऱ्या त्या एका आवाजाला हे आदरार्थी नाव तिनेच दिलं होतं, तुला आठवेल.) ती ताट माझ्यापुढे सरकवून म्हणायची, "बघ ना रे, दुरुस्त कर." तिला दाखल करणं भाग होतं, आणि ती बरी होऊन घरी आली. गाडी तूच चालवत होतास. सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. एवढं पुरे.

तर तपासणी. परवाच्या मंगळवारी झाली. निघताना मी म्हटलं, "चल अक्का, बाहेर जाऊन येऊ." ती म्हणाली, "प्रुफं आणायला?" हे ती अकरा वर्षं म्हणतेय. भाजी आणायला निघालो तरी म्हणते. मी हसतो.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, नीटनेटक्या, टेबलावर पेन दोरीने बांधून ठेवणाऱ्या. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. हे अक्काने बसायच्या आधी सांगितलं.

"आज वार कोणता?"

"मंगळवार. तुमच्याकडे सात मिनिटं जास्त."

"तुम्हाला आवाज ऐकू येतात?"

"येतात नाही, येतो म्हणा. एकच आहे. गोळ्यांनी हळू झालाय, गेला नाही. भाडेकरू असतात ना, तसा."

"तो म्हणतो का, ऑपरेशन करू नको?"

"छे! तो म्हणतो, करून टाक."

"मग तुम्ही का नको म्हणता?"

"म्हणूनच."

या 'म्हणूनच'वर भाष्य हवं होतं. तिने केलंही, पण तिच्या पद्धतीने. "मी मोठ्याने वाचते तेव्हा तो गप्प असतो. माझा आवाज गेला की घरात त्याचाच राहील. त्याला तेच हवंय." बाईंनी लिहून घेतलं. उलटं अक्षर वाचणं हा आमच्या धंद्याचा हातखंडा. त्यांनी लिहिलं होतं, 'नकाराचा संबंध ऐकू येणाऱ्या आवाजाशी.'

मग त्यांनी ऑपरेशनच्या माहितीचा कागद दिला. "हा वाचा आणि काय समजलं ते मला सांगा." अक्काने चष्मा लावला, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि सुरू झाली. "शस्त्रक्रियेत संपूर्ण स्वरयंत्र काढले जाते पूर्णविराम. त्यानंतर रुग्ण स्वल्पविराम मानेतील छिद्रातून श्वास घेतो पूर्णविराम." बोटाने टेबलावर ठोके देत, थांबत थांबत. तिसऱ्या वाक्यावर अडकली. "रुग्णाचा स्वाभाविक आवाज राहत नाही पूर्णविराम." थांबली. पुन्हा तेच वाक्य. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा तेच. मग कागद टेबलावर पालथा ठेवला, आणि त्यानंतर बाईंनी काहीही विचारलं तरी एक शब्द बोलली नाही.

शेरा असा: बोलण्यात असंबद्ध शब्द, एकाच वाक्याची पुनरावृत्ती, नंतर संवाद बंद, उपचाराबाबत निर्णय घेण्याची क्षमता नाही. येत्या २६ तारखेला दोन्ही डॉक्टर बसून त्यावर शिक्कामोर्तब करतील.

म्हणजे बघ, मी काही केलं नाही. सगळं आपोआप झालं. तुझी सही आली की ऑपरेशन, आणि शंभरात सत्तर. दुसरा फॉर्म जोडतोय. या वेळी मागे काही लिहू नकोस, पुढे लिही.

दादा


गुरुवार, २१ मार्च

बारक्या,

आधीच्या पत्राचं उत्तर यायच्या आत हे पत्र. चौथ्यांदा सुरू करतोय. मधेच उठतो, खिडकी लावतो, परत उघडतो. खुर्ची बदलून पाहिली. दोष खुर्चीचा नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं, 'मी काही केलं नाही.' ते अक्षरशः खरं आहे. तीच तर भानगड आहे.

आम्ही वाचायला बसलो की तू पलीकडच्या खोलीत रेडिओ मोठा करायचास, म्हणून तुला आमची रीत नीट माहीत नसणार. वाचणारा सगळं वाचतो: शब्द, पूर्णविराम, स्वल्पविराम, कंस. आकडा आकड्यात छापायचा असेल तर 'अंकी' म्हणतो. वाक्य संपलं की थांबतो. समोरचा प्रूफ ताडून बघतो आणि 'हं' म्हणतो. तो हुंकार आल्याशिवाय वाचणारा पुढे सरकत नाही. नाही आला तर तेच वाक्य पुन्हा वाचतो. अक्का चाळीस वर्षं असंच वाचत आलीये. त्यातली तीस माझ्यासमोर.

बाईंनी कागद दिला आणि ती वळली ती माझ्याकडे. पहिलं वाक्य झालं, मी सवयीने 'हं' म्हटलं. दुसऱ्यालाही म्हटलं. तिसऱ्या वाक्याच्या वेळी माझं लक्ष बाईंकडे गेलं. त्या पेन थांबवून अक्काकडे बघत होत्या, आणि हे काय चाललंय हे त्यांना कळत नव्हतं. माझ्या ध्यानात आलं, यांना कळलं नाही तर ऑपरेशन होईल, अक्का वाचेल.

मी 'हं' म्हटलं नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वाचलं. मी दोरीला बांधलेल्या पेनाकडे बघत होतो. तिसऱ्यांदा ती वाचत नव्हती बारक्या, ती विचारत होती. मग तिने कागद पालथा घातला. संवाद बंद झाला हे बाईंनी बरोबर लिहिलंय. कोणी बंद केला ते त्यांना माहीत नाही.

त्या दिवसापासून ती वाचत नाही. प्रुफांची थप्पी साचलीये. आणि या नऊ दिवसांत वरचे वाचक वाढत चाललेत. गोळ्या त्याच, वेळेवर. तरी ती मधेच उजव्या कानावर तळवा दाबते. नळ सोडून नुसती उभी राहते, पाण्याचा आवाज व्हावा म्हणून. काल भांडी घासताना तिला मी घोगऱ्या आवाजात पाढे म्हणताना ऐकलं. म्हणजे ती बाईंना सांगत होती तो भ्रम नव्हता. ते कारण होतं. वाचलं की तो गप्प बसतो, नाही वाचलं की माजतो. मला हे तीस वर्षं डोळ्यांसमोर दिसायला हवं होतं. मी प्रुफांकडे बघत होतो.

आज सकाळी मी थप्पी तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "बसूया का?"

"तू 'हं' म्हणणार आहेस? नाहीतर कशाला मी घसा फाडू."

"अक्का, तू मरशील."

"मरेन ना. तूही मरशील. मला निदान गाठ तरी आहे, तू नुसताच मरशील."

"आवाज गेला तरी पाटीवर लिहून बोलतात लोक. हल्ली यंत्रं असतात गळ्याला लावायची."

"बोलायचं लोकांशी, ते होईल रे. याला गप्प कसा करू? पाटीवर लिहून? अरे तो वाचक आहे. लिहिलेलं सगळं वाचतो मेला."

मला हसू आलं. ती हसली नाही. थप्पी बाजूला सारून म्हणाली, "मागच्या वेळी मी जेवायला नको म्हणत होते ती मी नव्हते. तेव्हा नेलंस ते बरोबर केलंस. खोटं सांगून नेलंस ते चुकलं. मी मांडीवर पेन्सिलींची डबी घेऊन बसले होते गाडीत. सगळ्यांना नवीन टोकं काढली होती."

हे तुला मी अकरा वर्षं सांगितलं नाही. तुला म्हणालो होतो की अक्का तयार आहे, तू फक्त गाडी चालव. तिला म्हणालो होतो की लांबच्या छापखान्यातून तातडीची प्रुफं आणायची आहेत, म्हणून ती उठली. इस्पितळाच्या फाटकापाशी तू गाडी थांबवलीस आणि तिने तुला विचारलं, "बारक्या, छापखाना कुठाय?" तेव्हा तुला कळलं. माझ्याकडे वळून तू जे बघितलंस त्याला तू आजवर शब्द दिला नाहीस, आणि मी तुझ्या न बोलण्यालाच इतकी वर्षं दोष देत आलो. ते बघणं मला पाठ आहे. तपासणीच्या त्या मंगळवारी अक्कानेही तसंच बघितलं.

पूर्वपक्ष असा: मागच्या वेळी तिचं न ऐकल्यामुळे ती जगली, म्हणून आताही ऐकू नये. उत्तरपक्ष एवढाच: तेव्हाचं 'नको' तिचं नव्हतं आणि आताचं तिचं आहे. हा फरक डॉक्टरांना कागदावर शोधावा लागतो. मला तो तिच्या खुर्ची सरकवण्यावरून कळतो. कळला नसता तर किती बरं झालं असतं.

दोन्ही फॉर्म फाडून टाक, किंवा नको फाडूस. २६ तारखेला मी काय करणार हे मला अजून माहीत नाही. तू पुढे काही लिहिलं असशील तर ते वाटेत असेल.

दादा


बुधवार, २७ मार्च

बारक्या,

काल सकाळी मी म्हटलं, "अक्का, चल. दवाखान्यात जायचंय. बाई आणि गळ्याचे डॉक्टर बसणार आहेत, तुला पुन्हा तपासा म्हणून मी सांगणार आहे." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. प्रुफांचं काही बोलली नाही. आत जाऊन एक पेन्सिल घेऊन आली.

बाईंना मी हुंकाराची सगळी रीत सांगितली. सांगताना मला घाम आला; सात मिनिटं पुढच्या त्या घड्याळाने माझी घाई आणखी वाढवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"हे त्या दिवशी का नाही बोललात?"

"ती जगायला हवी होती मला."

त्यावर गळ्याचे डॉक्टर चष्मा पुसायला लागले. मग बाईंनी तोच कागद पुन्हा अक्कापुढे ठेवला. तिने खुर्ची वळवली. या खेपेला अर्धीच, म्हणजे मी आणि बाई दोघं दिसू अशी. पहिलं वाक्य, हं. दुसरं, हं. "रुग्णाचा स्वाभाविक आवाज राहत नाही पूर्णविराम."

मी 'हं' म्हटलं. तो तिच्या आवाजापेक्षा घोगरा आला.

पुढचं ती झरझर वाचत गेली. अंकी सत्तर, अंकी चाळीस, कंसात पाच वर्षांनंतर. वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवून तिने सगळं आपल्या शब्दांत सांगितलं, छिद्रासकट, आणि गळ्याच्या डॉक्टरांना विचारलं, "हे चाळीस माझ्या वयाचे, का सगळ्या वयांचे मिळून?"

"सगळे मिळून."

"मग माझ्या वयाचे कमीच असणार. मी पस्तीस धरते. पत्रकात तसं छापा, फसवताय लोकांना."

बाईंनी विचारलं, "म्हणजे तो आवाज सांगतो म्हणून तुम्ही नकार देत नाही. त्याला आवरता यावं म्हणून देताय."

"आता कसं नीट वाचलंत!"

"आणि शेकाने गाठ नाही गेली तर?"

"तेव्हा पुन्हा विचारा. पण मला विचारा. याला नका विचारू, हा बघत बसतो."

निर्णय तिचा, असं त्यांनी लिहिलं. शेक सोमवारपासून. परत येताना तिने रिकाम्या थर्मासची बशी हातात धरली आणि म्हणाली, "शास्त्रीबुवा, तुझा हुंकार चुकला तेव्हा मी विचार केला, याला आता दुसरी वाचणारी बघावी लागणार." आज सकाळपासून थप्पीतली अकरा पत्रकं झाली. सध्या घरात तिचाच आवाज आहे.

तुझं पार्सल आज दुपारी आलं. झाकण मिळालं. चिठ्ठी नाही, सही नाही, मी समजलो. पण झाकण आपल्या थर्मासला बसत नाही, नवं आहे, आत चिकटवलेला कागदही निघालेला नाही. म्हणजे तू ते कधी नेलंच नव्हतंस. अकरा वर्षं मी तुझ्यावर आळ घेत होतो, आणि तू तो खोडण्याऐवजी दुकानात गेलास. पेपराची घडी मधे घातली की बसतं.

आता खरं ते लिहितो, म्हणजे हे पत्र संपेल.

अक्काचं बरोबर आहे याबद्दल मला शंका नाही. पण ती वाचत असते, मी 'हं' म्हणत असतो, आणि प्रत्येक वेळी मनात येतं की त्या दिवशीसारखा गप्प राहिलो असतो तर ती जगली असती. ती गेली तर माझ्या त्या एका हुंकाराने गेली असं मला वाटत राहील. तसं नव्हतं, हे मला समजावून सांगणारं माणूस घरात एकच आहे, आणि तेव्हा नेमकं तेच नसेल. मला भीती वाटते, बारक्या.

दादा